उपाशी माशाची कसोटी : खानदेशातील नद्यांचे धातू-प्रदूषण आणि मत्स्य-विषशास्त्रीय संशोधनाची एक चिकित्सा

बीजसंज्ञा : जड धातू, गोड्या पाण्यातील मासे, अन्नमार्गे होणारे प्रदूषण, दीर्घकालीन परिणाम, तापी खोरे

प्रस्तावना

जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांचे जलजीवन प्रामुख्याने तापी, गिरणा आणि पांझरा या नद्यांवर उभे आहे. मुलताईला उगम पावणारी तापी चांगदेवजवळ पूर्णेला पोटात घेते आणि लगेच हतनूरच्या धरणात अडते. गिरणा सह्याद्रीतून निघून मालेगावला मोसमचे पाणी घेते व चाळीसगाव, भडगाव, पाचोरा, एरंडोल या तालुक्यांतून तापीकडे जाते. पांझरा तर धुळे शहराच्या मधूनच वाहते. या नद्यांच्या काठी भोई, कोळी आणि भिल्ल समाजातील अनेक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करीत आली आहेत. नदीत सांडपाणी, रंगकामाचे पाणी, राख, खते व कीटकनाशके येतात आणि त्यांबरोबर धातूही येतात, हे सर्वसाधारणपणे मान्य झालेले आहे. या धातूंचे माशांवर काय परिणाम होतात, हा प्रश्न त्यामुळे केवळ प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा राहत नाही.

या प्रश्नाकडे खानदेशातील महाविद्यालयांनी दुर्लक्ष केले असे मुळीच म्हणता येणार नाही. १९९० साली जळगाव येथे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची स्थापना झाली (२०१८ पासून ते कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या नावाने ओळखले जाते). तेव्हापासून एम. फिल. व पीएच. डी.चे प्रबंध, लघुसंशोधन प्रकल्प आणि चर्चासत्रांतील निबंध यांतून ‘अमुक धातूचा तमुक माशावरील विषारी परिणाम’ हा विषय वारंवार हाताळला गेला आहे. महाराष्ट्रातील इतर विद्यापीठांचे चित्रही फारसे निराळे नाही. प्रश्न संशोधनाच्या संख्येचा नसून त्याच्या घडणीचा आहे. नदीतला मासा धातू पाण्यातून घेतो तसाच अन्नातूनही घेतो, थोडा थोडा घेतो आणि आयुष्यभर घेतो. प्रयोगशाळेतल्या माशाला मात्र चार दिवस उपाशी ठेवून, केवळ पाण्यातून, एकदम मोठी मात्रा दिली जाते. एकाच्या मरणावरून दुसऱ्याच्या जगण्याविषयी निष्कर्ष काढण्याची ही जी रीत रूढ झाली आहे, तिची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

९६ तासांची कसोटी

या प्रकारच्या निबंधाची रचना अभ्यासकांच्या इतकी परिचयाची आहे की तिचे वर्णन थोडक्यात करता येते. जवळच्या तलावातून किंवा बाजारातून मासे आणले जातात, आठ-पंधरा दिवस टाकीत ठेवून त्यांना प्रयोगशाळेची सवय केली जाते, चाचणीच्या २४ तास आधी खाणे बंद केले जाते. त्यानंतर कॉपर सल्फेट, झिंक सल्फेट, कॅडमियम क्लोराइड, लेड नायट्रेट किंवा मर्क्युरिक क्लोराइड यांपैकी एखाद्या क्षाराच्या चढत्या मात्रा पाण्यात मिसळून २४, ४८, ७२ व ९६ तासांनी मेलेले मासे मोजतात. फिनी यांच्या १९४७ सालच्या प्रोबिट पद्धतीने निम्मे मासे मारणारी मात्रा, म्हणजे एलसी ५०, काढली जाते. पुढे या मात्रेचा दहावा हिस्सा ‘उपघातक’ मानून १५ किंवा ३० दिवसांचा दुसरा प्रयोग होतो आणि यकृत, स्नायू व कल्ल्यांतील ग्लायकोजेन, प्रथिने, मेद यांची घट कोष्टकात मांडली जाते.

या पद्धतीला स्वतःचे स्थान आहे. एखाद्या कारखान्याच्या टाकीतून अचानक विषारी पाणी नदीत सुटले, तर किती तीव्रतेला मासे मरतील हे सांगण्यासाठी एलसी ५० इतके सोपे व तुलनात्मक परिमाण दुसरे नाही. तुटपुंज्या अनुदानावर, दोन-चार काचेच्या टाक्या आणि एक जुना सूक्ष्मदर्शक एवढ्या सामग्रीवर हे काम उभे राहिले, याचेही मोल कमी लेखू नये. कल्ल्यांचे मेणात बसवून काढलेले छेद आणि त्यांतून दिसणारी पेशींची सूज, पापुद्रे सुटणे, शेजारची पाती एकमेकांना चिकटणे यांची निरीक्षणे अनेकदा अत्यंत काळजीने नोंदविलेली असतात. आक्षेप आहे तो या पद्धतीकडून तिच्या कुवतीबाहेरचे उत्तर घेण्याला. ३० दिवसांच्या प्रयोगाला ‘दीर्घकालीन’ म्हणणे आणि त्यावरून ‘नदीतील मत्स्यसंपदेला धोका’ असा निष्कर्ष काढणे, ही उडी मोठी आहे. मरळ किंवा वाम नदीत अनेक वर्षे जगते. दहावा हिस्सा हा आकडादेखील माशाच्या शरीरातून आलेला नसून निव्वळ सोयीतून आलेला आहे.

दुसरी अडचण पाण्याची आहे. खानदेशाचा खडक बेसॉल्ट. त्यातून झिरपणारे पाणी बहुधा कठीण व किंचित अल्कधर्मी असते. पाण्यातील कॅल्शियम धातूच्या आयनांशी कल्ल्यावरील जागेसाठी स्पर्धा करते, कार्बोनेट व सेंद्रिय पदार्थ धातूला बांधून ठेवतात. त्यामुळे तांबे किंवा कॅडमियम यांची तीच मात्रा मऊ पाण्यात जितकी घातक ठरते तितकी कठीण पाण्यात ठरत नाही. लेड नायट्रेट अशा पाण्यात घातले की बरेचसे शिसे साक्याच्या रूपाने तळाशी बसते. शिशाचा एलसी ५० प्रतिलिटर शेकडो मिलिग्रॅम इतका दाखविला जातो, तेव्हा मासा त्या मात्रेत पोहत नव्हता, तर तिच्या साक्यावर पोहत होता, असेच म्हणावे लागेल. टाकीतील पाण्यात प्रत्यक्ष विरघळलेला धातू मोजलेला नसेल, केवळ वजन करून घातलेला क्षार नोंदविलेला असेल, तर असा आकडा शेजारच्या तालुक्यातील आकड्याशीही ताडून पाहता येत नाही.

पाऱ्याच्या बाबतीत ही विसंगती अधिकच ठळक होते. प्रयोगात वापरला जातो तो मर्क्युरिक क्लोराइड, म्हणजे असेंद्रिय पारा. नदी-तलावातील माशाच्या मांसात मात्र बहुतांश पारा मिथिल पाऱ्याच्या रूपात असतो. तो तळगाळातील सूक्ष्मजीवांच्या क्रियेतून तयार होतो आणि मुख्यत्वे अन्नातून वर चढतो. १९५६ मध्ये जपानच्या मिनामाता उपसागराकाठी जो आजार उघडकीस आला, त्याचा मार्ग हाच होता. तेथे लोक विषारी पाणी प्याले नव्हते, त्यांनी मासे खाल्ले होते.

न मरणाऱ्या माशाचे काय होते

धातूंच्या सौम्य पण सततच्या संपर्कात मासा पहिल्या काही दिवसांत आजारी पडतो, मग सावरतो. कॅडमियम कल्ल्यातील क्लोराइड पेशींतून, कॅल्शियमसाठी असलेल्या वाटेनेच आत शिरते आणि कॅल्शियमचे शोषण रोखते. तांबे सोडियम-पोटॅशियम एटीपेज या विकराच्या कार्यात बाधा आणते, त्यामुळे रक्तातील सोडियम गळून जाते. जस्त माशाला आवश्यक असले तरी अधिक झाल्यास तेही कॅल्शियमच्या आड येते. या पहिल्या धक्क्यात जे मासे मरत नाहीत, त्यांच्या कल्ल्यांत नव्या पेशी तयार होतात, यकृत व मूत्रपिंडात मेटॅलोथायोनीन नावाचे प्रथिन वाढते आणि ते धातूला बांधून निरुपद्रवी करू पाहते. काही आठवड्यांनी रक्तातील क्षार पुष्कळदा पूर्ववत होतात. ३० व्या दिवशी प्रयोग संपविणाऱ्याला एक तर मधला धक्का दिसतो, नाही तर सावरलेला मासा दिसतो. सावरण्याची किंमत त्याच्या कोष्टकात येत नाही.

ही किंमत ऊर्जेची असते. प्रथिने बनविणे, पेशी दुरुस्त करणे, गळणारे क्षार पुन्हा ओढून घेणे यांसाठी लागणारी ऊर्जा वाढीतून किंवा अंड्यांतून काढली जाते. मासा जगतो, पण लहान राहतो. वयात येतो, पण अंडी कमी घालतो. तांब्याच्या प्रतिलिटर अवघ्या काही मायक्रोग्रॅम मात्रेने माशाचे घ्राणेंद्रिय बधिर होते, हे अनेक प्रयोगांतून सिद्ध झाले आहे. ज्याला वास येत नाही असा मासा टाकीत मजेत जगेल. नदीत मात्र त्याला शिकाऱ्याची चाहूल लागत नाही, अन्न सापडत नाही आणि जोडीदारही ओळखू येत नाही. शिशाच्या दीर्घ संपर्कात शेपटी काळवंडते, पाठीचा कणा वाकतो, रक्तातील हिमोग्लोबिन बनविणाऱ्या एका महत्त्वाच्या विकराचे कार्य मंदावते. यांपैकी कोणतीही गोष्ट ९६ तासांत मोजता येणारी नाही. ग्लायकोजेनची घट मोजली जाते खरी. पण पकडणे, हाताळणे, दाटीत ठेवणे आणि उपाशी ठेवणे या प्रत्येकाने ग्लायकोजेन घटते. नियंत्रण गटाला सारख्याच अवस्थेत ठेवले असे एका ओळीत नोंदवून भागत नाही, ती अवस्था काय होती हेही सांगावे लागते.

खानदेशाचा उन्हाळा हा येथे स्वतंत्र घटक आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळचे तापमान ४४-४५ अंशांवर जाते, तेव्हा नदीचा प्रवाह तुटून डोह तेवढे उरतात. पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो आणि माशाची गरज मात्र वाढते. तो कल्ल्यांवरून अधिक पाणी फिरवितो आणि त्याबरोबर अधिक धातूही आत घेतो. शिवाय सगळे मासे त्याच गाळाभोवती गोळा झालेले असतात. मग जूनमध्ये पहिला गढूळ पूर तो गाळ ढवळून काढतो. अशा चढउतारांत जगणाऱ्या माशाची परीक्षा वर्षभर एकाच तापमानाच्या स्वच्छ टाकीत घेणे म्हणजे त्याच्या आयुष्यातला सर्वांत कठीण काळ वगळून घेणे होय.

अन्नाची वाट

धातू पाण्यातून गाळात जातात, गाळातून शेवाळ, अळ्या, गोगलगायी व शिंपल्यांत जातात आणि तेथून माशात येतात. ही वाट पाठ्यपुस्तकात असते, प्रयोगात मात्र नसते. उपाशी ठेवणे हा ज्या चाचणीचा नियमच आहे, तिच्यात ती येणार तरी कशी?

अन्नाच्या वाटेचे महत्त्व प्रथम ठसठशीतपणे दाखविणाऱ्या कामांपैकी एक अमेरिकेतील मोंटाना राज्यात क्लार्क फोर्क नदीवर झाले. ब्यूट व अॅनाकोंडा येथील तांब्याच्या खाणी व भट्ट्यांचा कचरा या नदीच्या पात्रात दशकानुदशके साचला होता. वुडवर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ट्राउट माशाच्या पिलांना त्या नदीतलेच कीटक व इतर अपृष्ठवंशीय प्राणी खाऊ घातले. पिलांची वाढ खुंटली आणि मरतूकही वाढली, आणि यात पाण्यापेक्षा अन्नाचा वाटा निर्णायक दिसला. पुढे काही प्रयोगांत कृत्रिम खाद्यात तितकाच धातूचा क्षार मिसळून दिला असता परिणाम तितका तीव्र आढळला नाही, आणि त्यावरून बराच वाद झाला. हा वाद मोलाचा आहे. धातू किती, यापेक्षा तो भक्ष्याच्या शरीरात कोणत्या रूपात बांधला गेला आहे, यावर माशाच्या आतड्यातून किती शोषला जाईल हे अवलंबून असते. कोंड्या-पेंडीच्या गोळ्यांत कॅडमियम क्लोराइड कालवून ‘अन्नमार्गे परिणाम’ पाहणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावयास हवे. त्या गोळ्यांतील क्षार पाण्यात विरघळून जातो ही तर आणखी वेगळीच पंचाईत.

दुसरे उदाहरण खानदेशाच्या अधिक जवळचे आहे, कारण ते कोळशाच्या राखेचे आहे. नॉर्थ कॅरोलिनातील बेल्यूज तलावात १९७० च्या दशकाच्या मध्यापासून एका औष्णिक वीजकेंद्राच्या राखेच्या तळ्याचे पाणी येत होते. त्यात सेलेनियम होते. सेलेनियम हा काटेकोर अर्थाने धातू नव्हे, पण या चर्चेतून त्याला वगळणे योग्य होणार नाही. पाण्यातील त्याची मात्रा प्रतिलिटर १० मायक्रोग्रॅमच्या आसपास, म्हणजे कोणत्याही ९६ तासांच्या चाचणीत एकही मासा मारू न शकणारी होती. ते सेलेनियम प्लवक व तळजीवांतून माशांत आणि माशांतून त्यांच्या अंड्यांत उतरले. मोठे मासे धडधाकट दिसत राहिले. पिले मात्र वाकड्या कण्याची, सुजलेली, अविकसित निघाली. तलावातील २० जातींपैकी बहुतेक जाती नाहीशा झाल्या. लेमली यांनी या तलावाचा दोन दशकांहून अधिक काळ पाठपुरावा केला, म्हणूनच ही हकीकत आज सांगता येते. भुसावळजवळ दीपनगर येथे औष्णिक वीजकेंद्र आहे. कोळशाच्या राखेत आर्सेनिक, सेलेनियम, क्रोमियम, शिसे ही द्रव्ये थोड्याफार प्रमाणात असतातच. कोळसा वेगळा, पाणी वेगळे, म्हणून परिणामही वेगळा असू शकेल. तरीही तेथील नाल्याचे पाणी टाकीत आणून ९६ तास मासे मेले नाहीत एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, हे बेल्यूजने कायमचे दाखवून दिले आहे.

तिसऱ्या उदाहरणात अन्नाचा अर्थच बदलतो. क्वेबेकमधील रुआं-नोरांडा परिसरात धातूच्या भट्टीभोवतीच्या तलावांत पर्च मासे खुरटलेले आढळले. कारणाचा शोध घेता असे दिसले की, मोठ्या आकाराचे तळजीव या तलावांतून नाहीसे झाले होते. वाढत्या माशाला मोठे भक्ष्य मिळेना. बारीक अळ्या वेचण्यातच त्याची ऊर्जा खर्च होऊ लागली. अन्नात धातू आहे की नाही याबरोबरच अन्न आहे की नाही, हाही धातू-प्रदूषणाचाच प्रश्न ठरला.

खानदेशात या दृष्टीने पाहण्याजोगी स्थळे विपुल आहेत. पांझरा व मोसमवरील फड पद्धतीचे जुने दगडी बंधारे सिंचनाच्या इतिहासात प्रसिद्ध आहेत. त्यांच्या मागे पाणी थांबते तसा गाळही थांबतो. हतनूरच्या जलाशयात साचलेला गाळ हा तर सर्वश्रुत विषय आहे. काळी चिकणमाती धातूंना घट्ट धरून ठेवते, त्यामुळे पाण्याच्या नमुन्यात काही सापडले नाही तरी गाळात ते असू शकतात. मृगळ तळाशी चरतो, शिंगाडा तळातील किडे व मृतावशेष खातो, मरळ लहान मासे व बेडूक खाते, कटला वरच्या थरातील प्लवक गाळून खातो. एकाच डोहातील या चार माशांच्या शरीरांतील धातूंची तुलना अन्नाच्या वाटेविषयी जे सांगेल, ते चारशे माशांचा एलसी ५० सांगणार नाही. मात्र येथे एक सावधानता हवी. जलाशयातील कटला-रोहू बहुधा सहकारी संस्थांनी बोटुकली सोडून वाढविलेले असतात आणि वर्ष-दोन वर्षांत जाळ्यात येतात. दीर्घकालीन प्रदूषणाचे साक्षीदार म्हणून ते कच्चे आहेत. त्यासाठी स्थानिक आणि दीर्घायुषी जातीच निवडाव्या लागतील.

मानकांचा घोळ

या निबंधांतील चर्चेच्या भागात एक वाक्य हमखास भेटते : ‘सदर धातूचे प्रमाण भारतीय मानक संस्थेच्या मर्यादेत असल्याने पाणी सुरक्षित आहे.’ कोणासाठी सुरक्षित? पिण्याच्या पाण्याच्या २०१२ च्या मानकात जस्ताची स्वीकार्य मर्यादा प्रतिलिटर ५ मिलिग्रॅम आहे आणि पर्यायी स्रोत नसल्यास १५. ही मर्यादा मुख्यतः चवीशी निगडित आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने जलचरांसाठी सुचविलेली जस्ताची मर्यादा, पाण्याचा कठीणपणा प्रतिलिटर १०० मिलिग्रॅम असताना, ०.१२ मिलिग्रॅम आहे. खानदेशी पाण्याचा कठीणपणा त्याच्या तिप्पट धरला तरी ती सुमारे ०.३ पर्यंतच जाते. म्हणजे माणसाने निर्धास्त प्यावे अशा पाण्यात माशासाठी मर्यादेच्या सोळापट जस्त असू शकते. तांब्याचेही तसेच आहे. मानकात स्वीकार्य मर्यादा ०.०५ व पर्याय नसताना १.५ मिलिग्रॅम. जलचरांसाठीचा जुना कठीणपणा-आधारित दीर्घकालीन निकष मात्र १०० मिलिग्रॅम कठीणपणाला ०.००९ मिलिग्रॅमचा. पुढे २००७ मध्ये त्या संस्थेने तांब्यासाठी कठीणपणाबरोबर सेंद्रिय कार्बन, सामू इत्यादी घटकही हिशेबात घेणारी पद्धत स्वीकारली.

संशोधकांना दोष देताना शासकीय मानकांकडेही पाहिले पाहिजे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत ‘ड’ वर्ग वन्यजीव व मत्स्योत्पादनासाठी आहे. त्याचे निकष तीन : सामू ६.५ ते ८.५, विरघळलेला प्राणवायू किमान ४ मिलिग्रॅम आणि मुक्त अमोनिया १.२ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नको. धातूंचा त्यात उल्लेखच नाही. २०१८ मध्ये याच मंडळाने देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले, त्यांपैकी ५३ महाराष्ट्रातील होते आणि त्यांत तापी, गिरणा, पांझरा यांचाही समावेश होता. ती निवड जैविक प्राणवायू-मागणीवर आधारलेली होती. सांडपाण्याची घाण त्यातून कळते, धातूंचा साठा कळत नाही. एखादा पट्टा त्या यादीतून उद्या बाहेर पडला, तरी तेथील गाळ आणि मासे यांविषयी त्यावरून काहीही बोलता येणार नाही.

काही चुका मात्र सर्वस्वी आपल्या प्रयोगशाळांच्या आहेत. ‘जैवसंचय’ आणि ‘जैववृद्धी’ हे शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. मिथिल पारा अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीला वाढत जातो हे खरे. शिसे, कॅडमियम, तांबे, जस्त यांच्या बाबतीत गोड्या पाण्यात सहसा तसे होत नाही. उलट भक्षक माशापेक्षा गोगलगायीत व अळ्यांत ते अधिक आढळतात. त्यामुळे ‘मोठा मासा अधिक धोक्याचा’ हे सरसकट विधान पाऱ्यापुरते बरोबर आणि शिशापुरते चूक ठरते. वजनाचाही असाच गोंधळ होतो. माशाच्या मांसात सुमारे तीन-चतुर्थांशाहून अधिक पाणी असते. सुक्या वजनावर शिसे प्रतिकिलो १ मिलिग्रॅम आले तर ओल्या वजनावर ते ०.२ ते ०.२५ भरेल. अन्नसुरक्षा नियमांतील माशासाठीची ०.३ मिलिग्रॅमची मर्यादा ओल्या माशासाठी आहे. सुका आकडा त्या मर्यादेशी ताडून ‘तिपटीहून अधिक’ असे जाहीर केले, तर विकणाऱ्या भोई बाईच्या पाटीवर परिणाम होतो, प्रबंधावर होत नाही.

आणि मोजले काय जाते? बहुधा स्नायू. पाऱ्यासाठी ते योग्यच. परंतु कॅडमियम मूत्रपिंडात व यकृतात, शिसे हाडांत व खवल्यांत अधिक साठते. लहान मासळी खानदेशात काटे-डोक्यासह खाल्ली जाते. तिच्या बाबतीत केवळ स्नायूंतील शिसे मोजून दिलेला निर्वाळा निरुपयोगी असतो. मोठ्या माशाचे मांस निर्दोष ठरले, एवढ्यावरून नदीकाठच्या कुटुंबाच्या ताटात काय पडते हे कळत नाही. मोठा मासा बाजारात जातो, लहान घरी राहतो.

करता येण्याजोगे

दीर्घकालीन अभ्यासाला पैसा आणि वेळ लागतो, तीन वर्षांच्या प्रबंधात तो बसत नाही, असा युक्तिवाद नेहमी केला जातो. त्यात तथ्य आहे. २०१० नंतर नेमणुका-पदोन्नतीसाठी निबंधांची संख्या गुणांत मोजली जाऊ लागली, तेव्हापासून एका एलसी ५० चे पाच निबंध करण्याचा मोहही वाढला. तथापि एका व्यक्तीला जे जमत नाही ते एका विभागाला जमू शकते. खानदेशातील महाविद्यालये नद्यांच्या काठीच वसलेली आहेत. अमळनेरला बोरी, धुळ्याला पांझरा, भडगावला गिरणा, भुसावळला तापी, साक्रीला कान, शिरपूरला अरुणावती. पदव्युत्तर वर्गाची प्रत्येक तुकडी एक प्रकल्प करतेच. तोच डोह, तीच जात, तेच महिने (एक उन्हाळ्याच्या अखेरीचा, एक पावसाळ्यानंतरचा) आणि तीच मोजमापे दरवर्षी ठेवली, तर दहा वर्षांत दहा तुकड्यांचे काम एका मालिकेत बसते. निरनिराळ्या दहा धातूंच्या दहा एलसी ५० पेक्षा ती मालिका अधिक बोलकी होईल.

धातूंचे पृथक्करण महाग आहे, हे खरे. कॅडमियमच्या ज्या मात्रांनी माशावर परिणाम होतो त्या ज्योतीवर चालणाऱ्या साध्या अॅटॉमिक अॅब्सॉर्प्शन यंत्राला पाण्यात दिसतही नाहीत. अहवालात ‘आढळले नाही’ असे छापून येते आणि वाचणारा ते ‘नाही’ असे वाचतो. म्हणून पाण्याचे शंभर नमुने पाठविण्यापेक्षा गाळाचे दहा आणि यकृताचे दहा पाठविणे शहाणपणाचे. त्यांत धातू साठलेला असल्याने तो साध्या यंत्रालाही सापडतो. प्रमाणित नमुना सोबत पाठविला, तर प्रयोगशाळेचा आकडा किती विश्वासार्ह हेही कळते.

बाकीच्या बऱ्याच गोष्टींना जवळपास खर्चच नाही. माशाची लांबी व वजन यांवरून त्याची अंगकाठी काढता येते. यकृत व अंडाशय यांचे शरीराच्या वजनाशी असलेले प्रमाण साध्या तराजूवर कळते. अंडी मोजता येतात. पोट उघडून त्याने काय खाल्ले हे पाहता येते. आजवरच्या कोष्टकांत एक रकाना जवळजवळ कधीच नसतो, तो माशाच्या वयाचा. वीस सेंटिमीटरचा मासा दोन वर्षांचा आहे की चार वर्षांचा, यावर तो धडधाकट की खुरटलेला हे ठरते, आणि त्याच्या यकृतातील कॅडमियम किती काळात साठले हेही त्यावरच ठरते. उष्ण प्रदेशातील माशांच्या खवल्यांवरची वर्तुळे थंड देशांतल्याइतकी स्पष्ट नसतात, तरी भारतीय कार्प माशांची वये त्यांवरून काढण्याची पद्धत जुनी आहे. डोक्यातील कर्णाश्मांवरून ती अधिक खात्रीने काढता येतात. त्यासाठी लागतो तो प्राणिशास्त्राच्या प्रत्येक विभागात असलेला सूक्ष्मदर्शक, आणि मासा विकत घेताना विक्रेत्याला विचारायचे दोन प्रश्न : हा कोणत्या डोहातला, आणि जाळे कधी टाकले होते.